दोन टोपल्या गाळ

मोठीआईला मासे वाचता यायचे, अक्षरं नाही. शाळेत ती दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी मास्तरांनी हातावर पट्टी मारली, तेव्हा तिनं पाटी त्यांच्याच टेबलावर ठेवली आणि घरी आली, ती आलीच. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. पाण्याचा रंग बघून ती सांगायची, उद्या हवा कमी पडेल, आज खाणं निम्मंच टाका. आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना मासे तोंडं वर काढून उभे असायचे. तळी सात होती. ती सातही तिच्या शब्दावर चालायची आणि तळ्यांवरची माणसं तिच्या नजरेवर. मुलगा चाळिशी ओलांडून गेला तरी बांधावर उभा राहून आधी आईकडे बघायचा, मग जाळं टाका म्हणायचा.

या सगळ्याचं मूळ म्हणजे जुनं तळं. नवरा गेला तेव्हा तिच्या पदरात दोन पोरं होती आणि हे एक डबकं. विकून टाक, म्हणणारे पुष्कळ भेटले. विकत घेतो म्हणणारेही त्यांतलेच. तिनं विकलं नाही. उपसलं, बांध घातला, मासे सोडले, आणि त्या तळ्यात आजवर एक मासा दुखण्यानं मेला नाही हे आल्यागेल्याला ऐकवत राहिली. पुढं दुसरं तळं खणलं तेव्हा नव्या खड्ड्यातलं पाणी काही केल्या रंग धरेना. काचेसारखं कोरं. तिनं जुन्या तळ्यातला दोन टोपल्या गाळ डोक्यावर आणला आणि त्यात कालवला. पंधरा दिवसांत पाणी हिरवं झालं, माशांनी अंग धरलं.

"नुसतं दूध ठेवून दही होत नाही," ती म्हणाली, "विरजण लागतं."

तेव्हापासून ती रीतच पडली. नवं तळं खणलं की जुन्याचा दोन टोपल्या गाळ. एखादं तळं थकलं, मासे वाढेनात, की पुन्हा दोन टोपल्या. ओळखीपाळखीचे लोक गाळ मागायला येत आणि मोठीआई त्यांना ताटकळत ठेवून मग देई. फुकट देई, पण ताटकळत ठेवून. मोठेपणाला तेवढी चव लागतेच.

दोन वर्षांपूर्वी लांबट तळ्यातली बोटुकली मेली. बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं. टाकीच्या गाडीतून आणून तळ्यात सोडायची, ती वाढून मासे व्हायचे. सोडल्यापासून पंधरा दिवसांच्या आत सगळी पांढरी पोटं वर करून काठाला लागली. तळं थकलं, मोठीआई म्हणाली, आणि दोन टोपल्या गाळ घातला. पुढच्या खेपेला पुन्हा मेली. पुन्हा गाळ घातला. मग त्याच्या शेजारचं तळं गेलं, मग त्याच्या पलीकडचं.

सून शहरातल्या मासे-तपासणी केंद्रात नोकरीला होती. कॉलेजात जाऊन ती माशांचीच दुखणी शिकून आली होती. मोठीआईच्या मते हे म्हणजे सुतारानं लाकडाला ताप आलाय का बघण्यापैकी होतं. पण पगार वेळेवर यायचा, तेव्हा ती त्यावर जेवणाच्या वेळी दोनदाच बोलायची. गेल्या वर्षी सुनेनं सातही तळ्यांवर पाट्या लावल्या: एका तळ्याचा गाळ, जाळं, बादली दुसऱ्यात नेऊ नये. मोठीआईनं मुलाकडून पाटी वाचून घेतली आणि म्हणाली, "बरं बाई." घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं की मोठीआई "बरं बाई" म्हणते तेव्हा काहीच बरं नसतं.

या वर्षी चौथं तळं गेलं. मोठीआईला गुन्हेगार आधीच सापडला होता. ओढ्यापलीकडचा वीटभट्टीवाला. "तोच पाण्यात राख सोडतो. मला पाण्यात बघतो मेला, म्हणून माझं पाणी नासवतो." मुलानं दोन वेळा जाऊन भट्टीवाल्याशी हुज्जत घातली, एकदा शर्टाची बाही फाडून घेऊन परत आला.

त्याच आठवड्यात सून रजा काढून तळ्यांवर आली. प्रत्येक तळ्याच्या तळातून तिनं डबाभर गाळ काढला, डब्यांवर आकडे चिकटवले आणि खाद्याच्या पोत्यांच्या खोलीत टेबल मांडून बसली. टेबलावर चाळण्या, पांढरे ट्रे, चिमटे, चोवीस खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटल्या आणि केंद्रातून मागून आणलेला सूक्ष्मदर्शक. मोठीआई दारात येऊन उभी राहिली.

"सूनबाई, मासे वर मेलेत. तुम्ही खाली काय शोधताय?"

"गाळ बघतेय, आई."

"का? तोही मेलाय?"

पोती रचणारा राखणदार हसला. त्याचे पाय काटकुळे होते आणि तो नेहमी एक पाय दुसऱ्याला टेकवून उभा राही, म्हणून त्याला सगळे बगळा म्हणत.

सून हसली नाही. तिनं गाळ चाळणीतून धुतला आणि चाळणीत उरलं ते ट्रेमध्ये पालथं केलं. काडीकचरा, शिंपल्यांचे तुकडे आणि त्यांत वळवळणारी, केसाएवढ्या जाडीची लाल गांडुळं. "ही गाळात राहतात. काहींच्या पोटात एक बारीक जीव वाढतो, परजीवी. तो पाण्यात सुटतो आणि माशाच्या कल्ल्यात शिरतो. मासा मेला की त्याच्या अंगातलं बी पुन्हा गाळात पडतं, गांडूळ ते खातं, आणि फिरून तेच. म्हणून एकेक गांडूळ एकेका खळग्यात स्वच्छ पाण्यात ठेवायचं. दोन दिवसांनी त्या पाण्यात काय सुटलंय ते बघायचं."

"म्हणजे गांडुळाचं मूत तपासायचं."

"तसंच काहीसं."

"आणि भट्टीवाला?"

"त्याचा काही संबंध असेल असं मला वाटत नाही."

हे मोठीआईला झोंबलं. दुसऱ्याच्या घरातून आलेल्या मुलीनं आपला शत्रूसुद्धा काढून घ्यावा म्हणजे काय! ती स्टूल ओढून समोर बसली, सुनेला खोटं पाडायलाच. पण बसल्यावर तिला जे दिसलं ते तिला बघवेना. सून चिमट्यानं गांडूळ उचलायची आणि ते मधोमध तुटायचं. तुटलेलं चालत नाही, अख्खं लागतं. अर्ध्या तासात चारच खळगे भरले होते.

"दे इकडे तो चिमटा. गांडूळ उचलतेस की खिळा उपटतेस?"

मोठीआईची नजर अजून सुईत दोरा ओवणारी होती आणि बोटांनी आयुष्यभर पिल्लं हाताळली होती. चिमट्याची टोकं गांडुळाखाली नुसती सरकवायची, दाबायचं नाही. ते आपणच त्याला विळखा घालतं. दुपारपर्यंत तिनं सात ताटल्या भरल्या. प्रत्येक खळग्यात एक. सून आकडे लिहीत होती आणि एकदा, वर न बघता, म्हणाली, "केंद्रात असा हात कुणाचा नाही, आई." मोठीआईनं ऐकलं नाहीसं दाखवलं आणि संध्याकाळी ते मुलाला, बगळ्याला आणि फोनवर लेकीला सांगितलं.

लेकीचं सांगायचं राहिलं. ती टेम्पोनं दीड तासाच्या अंतरावर राहायची. जावई ट्रक चालवायचा. मागल्या वर्षी ट्रकखाली काम करताना जॅक निसटला आणि त्याची कंबर गेली. आता काठी घेऊन पलंगापासून दारापर्यंत यायचा. लेकीनं घरामागच्या जमिनीत तळं खणून घेतलं होतं. त्या घरात आता कमावणारं दुसरं काही नव्हतं. हे तळं उभं राहिलं तर घर उभं राहणार होतं. त्यात बोटुकली पहिल्यांदाच सुटणार होती, येत्या बुधवारी.

सोमवारी सकाळी सुनेनं ताटल्या सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या. मोठीआई समोर होतीच. मुलगा दारात, बगळा पोत्यांजवळ. बाकीच्या सहा तळ्यांच्या ताटल्या बघताना सुनेनं नुसते आकडे लिहिले. मग शेवटी जुन्या तळ्याची ताटली घेतली, आणि तिथं ती थांबली. एका खळग्यातल्या पाण्याचा थेंब काचेवर घेऊन पुन्हा पाहिला.

"आई, इथं डोळा लावा."

मोठीआईला आधी आपलीच पापणी दिसली. मग उजेडाचं एक गोल, आणि त्यात, अगदी स्थिर, तीन लांब पाय फाकलेली एक उलटी तिवई. काचेसारखी. तिच्या देठात तीन बारीक दाणे. ती काहीच करत नव्हती, पाण्यात नुसती तरंगत होती. मोठीआईनं उभ्या आयुष्यात इतकी नीटस वस्तू पाहिली नव्हती.

"हे?"

"हेच. माशाचा कल्ला लागला की चिकटतं आणि आत घुसतं."

"किती आहेत?"

"बाकीच्या तळ्यांत चोविसातल्या एकदोन गांडुळांत. लांबट तळ्यात चार." सुनेनं कागद बघितला, खरं म्हणजे न बघताही तिला ठाऊक होतं. "जुन्या तळ्यात नऊ."

"चूक आहे. जुन्या तळ्यात आजवर एक मासा मेला नाही."

"त्यात बोटुकली कधी सोडता तुम्ही?"

"कधीच नाही. हातभर झालेलेच मासे जातात तिथं. मानाचं तळं आहे ते."

"म्हणूनच मरत नाहीत. थोराड माशाला हे फारसं बाधत नाही. तो अंगावर काढतो, आणि गाळात बी टाकत राहतो. कधीतरी बाहेरून आणलेल्या माशाबरोबर ते त्या तळ्यात आलं, आणि तिथं पोसलं गेलं. पण बाकीच्या तळ्यांत कसं गेलं? यांचं पाणी एकमेकांत येत नाही."

खोलीत खाद्याचा कुबट वास होता. मुलगा पायानं जमिनीवरचा भुसा गोळा करत होता. उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं; पण घरातला मोठा माणूस समोर बसलेला असला की माहीत असलेलं कुणी बोलत नाही.

"मीच नेलं," मोठीआई म्हणाली. "टोपलीनं."

"लांबट तळ्यात गेल्या वर्षीही? पाट्या लावल्यावर?"

"हो, गेल्या वर्षीही. आता फाशी देतेस का?"

"आई, अगं ती नुसती विचारतेय," मुलगा म्हणाला.

"तू गप. शर्ट शिवून घे आधी."

सुनेनं पेन खाली ठेवलं. ओरडली असती तर मोठीआईला सोपं गेलं असतं. ओरडणाऱ्या माणसाला तिच्याकडे शंभर उत्तरं होती. सून नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "आणि ताईंच्या तळ्यात? तिथं दिलाय का गाळ?"

दिला होता. दीड महिन्यापूर्वी, टेम्पोत खाद्याच्या पोत्यांखाली दडवून दोन टोपल्या नेल्या होत्या. पाट्यांच्या नाकावर टिच्चून. बगळ्यानं टोपल्या वाहिल्या होत्या, लेकीनं गुडघाभर पाण्यात उतरून गाळ पसरला होता, आणि मोठीआईनं बांधावरून सांगितलं होतं, "वहिनीला बोलू नकोस, उगाच व्याख्यान देईल." दोघी मायलेकी त्यावर पोट धरून हसल्या होत्या.

"नाही," मोठीआई म्हणाली. "तिथं नाही दिला."

एवढंच. पुढं तिनं पुष्कळदा आठवून पाहिलं की त्या क्षणी आपल्या मनात काय होतं, आणि तिला काही सापडलं नाही. एका सकाळीत एका माणसाचं किती हिसकावून घ्यायचं याला काही सुमार असतो, असं काहीतरी असावं. किंवा नुसतीच जीभ. जिभेला हाड नसतं, पण पीळ असतो. तिनं बगळ्याकडे पाहिलं. बगळ्यानं टेकवलेला पाय खाली घेतला आणि एक पोतं, जिथं होतं तिथूनच उचलून पुन्हा तिथंच ठेवलं.

"बरं झालं," सून म्हणाली, आणि तिचा चेहरा खरंच सैल झाला. "निदान त्यांचं तळं कोरं आहे. बुधवारी बिनघोर सोडू देत बोटुकली. दिला असता तर मी आत्ताच फोन करून थांबवलं असतं."

संध्याकाळी मोठीआईनं फोन हातात घेतला, अंगणात गेली, आणि लेकीला लावला. सांगायचं ते एक वाक्य होतं. पोरी, आपला गाळ दुखणाईत आहे, बोटुकली सोडू नकोस.

"अगं, मी म्हणत होते, आठ दिवस थांबलीस तर? पाणी अजून कच्चं आहे."

"कच्चं?" लेक हसली. "गेल्या आठवड्यात तूच बघून गेलीस ना? हात बुडवून म्हणालीस, पाणी लोण्यासारखं झालंय, आता उशीर करू नकोस."

"तेव्हा तसं वाटलं."

"आई, गाडी ठरलीय. परत पाठवली तर ती बोटुकली दुसऱ्याला जाईल, आणि पुन्हा पाळी येईतो दोन महिने. यांची औषधं काय मी कागदावर लिहून खाऊ घालू? काही झालंय का? वहिनी काही म्हणाली?"

"ती काय म्हणणार?"

"मग?"

बांधावर मुलगा नळाखाली चाळण्या धूत होता. सून त्याला काहीतरी सांगत होती, बोटं फाकवून, तीन बोटं, तिवईसारखी. आता लेकीला खरं सांगायचं म्हणजे लेक आधी वहिनीला फोन करणार. मग वहिनी विचारणार, सकाळी तर आई नाही म्हणाल्या. तिच्या त्याच नेहमीच्या आवाजात.

"काही नाही," मोठीआई म्हणाली. "म्हातारं माणूस आहे, काळजी वाटते."

"तू आणि म्हातारी! शंभर जणांना पुरून उरशील," लेक म्हणाली.

बुधवारी बोटुकली सुटली. मोठीआई गेली नाही, गुडघ्याचं निमित्त सांगितलं. त्यानंतर ती रोज फोन करायची आणि एकच विचारायची, "खातायत का?" लेक म्हणायची, "तुटून पडतायत." पहिला आठवडा गेला. मोठीआईच्या मनानं हिशेब मांडायला सुरुवात केली: दोनच तर टोपल्या, एवढ्या मोठ्या तळ्यात. नवा खड्डा, स्वच्छ पाणी. सगळीच गांडुळं काही रोगट नव्हती, चोविसातली पंधरा तर चांगली होती. माणूस स्वतःला फसवायला बसला की गणित फार चांगलं येतं. शाळेची गरज पडत नाही.

अकराव्या दिवशी लेकीचा फोन आधी आला.

"आई, तोंडं वर काढून उभे आहेत. हवेचं मशीन चालू आहे तरी. खाणं टाकलं तर तरंगतंय."

टेम्पो मुलगा चालवत होता. मध्ये सून, मांडीवर डबे आणि चिमट्यांची पेटी घेऊन. कडेला मोठीआई. दीड तासात सून एकदाच बोलली, "हवामान असेल. नव्या तळ्यात होतं असं." तिला खरोखर तसंच वाटत होतं, आणि म्हणून मोठीआईला ते ऐकणं फार जड गेलं.

पोचले तेव्हा तळ्याचा एक कोपरा पांढरा झाला होता. लेक कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून हातजाळ्यानं मेलेली पिल्लं काढत होती आणि काठावरच्या टोपलीत टाकत होती. जिवंत होती ती मशीनच्या फेसापाशी गर्दी करून, तोंडं उघडी टाकून थरथरत होती. सुनेनं त्यांतलं एक उचललं आणि कल्ल्याचं झाकण नखानं वर केलं. लाल पिसासारखा असायला हवा तो कल्ला खलबत्त्यात कुटल्यासारखा झाला होता, लाल-पांढरा, जागोजागी फुटलेला. तिनं दुसरं पाहिलं. तिसरं. मग डबा घेऊन पाण्यात उतरली आणि तळाचा गाळ काढला.

यावेळी दोन दिवस थांबायचं कारण नव्हतं. तिनं परसातल्या दगडावरच गाळ धुतला आणि ट्रे उन्हात धरला. लाल गांडुळं होती, भरपूर.

"नव्या तळ्यात एवढी?" ती म्हणाली. "दोन महिन्यांच्या खड्ड्यात? ताई, बाहेरचा गाळ घातलाय का कुणी इथं?"

जावई काठी टेकत मागच्या दारात येऊन उभा होता. "मी हिला म्हटलं होतं, चुना नीट मारून घे. हिला घाई."

लेक पाण्यातून वर आली. साडीचा ओचा पिळत ती एकदा आईकडे बघून म्हणाली, "काय माहीत, वहिनी. माझंच चुकलं असेल. चुना कमी पडला असेल."

मोठीआईनं आयुष्यात कुणाची चूक आपल्यावर घेतली नव्हती, कुणाला आपली घेऊ दिली नव्हती. आणि आता तिची लेक, ओल्या कपड्यांत, नवऱ्यासमोर तिच्यासाठी खोटं बोलत होती. किती सहज बोलत होती.

"तिचं काही चुकलं नाही," मोठीआई म्हणाली. "गाळ मी आणला. जुन्या तळ्याचा. पोत्यांखाली लपवून."

मुलगा म्हणाला, "आई!" सुनेच्या हातातला ट्रे कलला, पाणी तिच्या पायावर सांडलं. मोठीआई तयार होती. आता लेक म्हणेल, कशाला आणलास. आणि आपण म्हणू, तुझ्या भल्यासाठी. ते खरंही होतं. गाळ आणताना तिला काही ठाऊक नव्हतं. त्या अज्ञानाच्या आडोशाला अजून उभं राहता येणार होतं.

पण लेक मासेवाल्या बाईची लेक होती. तिनं गाळाचं काही विचारलंच नाही.

"तू फोन केला होतास ना सोमवारी," ती म्हणाली, "थांब म्हणून. तेव्हा तुला माहीत होतं?"

मशीन फेस उडवत होतं. जावई काठीवरचा हात बदलून आईकडून लेकीकडे, लेकीकडून आईकडे बघत होता.

"हो," मोठीआई म्हणाली.

"सकाळपासून?"

"सकाळपासून."

लेकीनं मान हलवली. एखाद्या गिऱ्हाइकानं भाव सांगावा आणि आपल्याला तो पटू नये, मग आपण नुसती मान हलवतो, तशी. मग ती वळली, हातजाळं उचललं आणि पाण्यात उतरली. मोठीआईनं पायातल्या चपला काढल्या आणि दुसरं जाळं घेऊन बांधाशी आली, तशी लेक पाठमोरीच म्हणाली, "तू नको उतरूस. दादा, तिला घेऊन जा."

रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मोठीआईनं तिथंच ठाण मांडलं असतं.

सून मागं राहिली, तीन दिवस. तिनं आणि लेकीनं मिळून जी पिल्लं उरली होती ती नितळ पाण्याच्या पिंपांत काढली. चाळीसएक जगली. बाकी सगळी त्यांनी चुन्यात पुरली. तिसऱ्या दिवशी सून घरी आली आणि सासूशी जेवण, नळ, वीज अशा सगळ्या गोष्टींवर बोलली.

जुन्या तळ्याचं पाणी त्याच महिन्यात सोडून दिलं. मोठीआईनंच सांगितलं. मुलानं "पुन्हा एकदा तपासून बघू" म्हटलं, तर तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बगळ्याला हाक मारून बांधातलं पाणी सोडायचं दार वर ओढायला लावलं. पाणी ओसरलं, मासे निघाले, आणि खाली काळा, मऊ, चमकणारा गाळ उघडा पडला. बेचाळीस वर्षांचा. तो उन्हानं तडकायला लागला तेव्हा त्यावर चुन्याची पोती फोडली. ज्यांना गाळ दिला होता त्या सगळ्यांची नावं मोठीआईला तोंडपाठ होती. तिनं ती मुलाला लिहून घ्यायला सांगितली आणि एकेकाला स्वतः फोन केला. अकरा घरं होती. तिघांनी शिव्या दिल्या, त्या तिनं पुरत्या ऐकून घेतल्या. एका म्हाताऱ्यानं तिचंच सांत्वन केलं; तो फोन तिनं मध्येच ठेवला.

आता ती आठवड्यातून तीन दिवस सुनेबरोबर केंद्रात जाते. त्या अकरा घरांच्या तळ्यांचे डबे तिथं रांगेनं ठेवलेले असतात. ती खिडकीपाशी बसते आणि गांडुळं निवडते, एका खळग्यात एक, न तोडता. तिथल्या पोरी तिला आजी म्हणतात आणि ती त्यांना त्यांच्या हातांवरून बोलते. ताटलीत काय निघालं ते ती विचारत नाही. सून कागदावर लिहिते, आणि लिहिताना तिचं पेन किती वेळ थांबतं त्यावरून मोठीआईला कळतं.

संध्याकाळी घरी आल्यावर ती लेकीला फोन लावते. पुष्कळ वेळ वाजतो. मग जावई उचलतो.

"तळ्यावर गेलीय ती, आई," तो म्हणतो. चांगला माणूस आहे, आवाज खाली घेऊन म्हणतो.

तळ्यात पाणी नाही, मासा नाही. कोरड्या खड्ड्यावर रोज संध्याकाळी माणसाला काय काम असतं ते मोठीआईला कुणी सांगायला नको.

"असू दे," ती म्हणते. "कंबर कशी आहे तुमची?"